बाबा नदीवर आले तो उन्हाळा

शेवटचा पेपर झाला म्हणून आमची सुट्टी सुरू व्हायची नाही. मामाच्या दुकानासमोर बस थांबायची, आम्ही खाली उतरायचो आणि तापलेल्या रबराचा वास नाकात शिरायचा, तिथून ती सुरू व्हायची. मामाचं पंक्चरचं दुकान रस्त्याच्या वळणावर होतं. दुकानाच्या पाठीला घर, आणि घराच्या पाठीला उतार, तो थेट नदीपर्यंत. मामी म्हणायची, पुढच्या दारात धूळ आणि मागच्या दारात चिखल, मी झाडू तरी कुठली बाजू?

नदी तशी फार मोठी नव्हती. वरच्या अंगाला, टेकडीच्या पायथ्याशी, खडकातल्या एका कपारीतून झऱ्याचं पाणी उसळून वर यायचं आणि तिथूनच ती नदी म्हणून चालायला लागायची. पावसावर तिचं काही अडत नव्हतं, म्हणून ऐन उन्हाळ्यातही ती आटायची नाही की गढूळ व्हायची नाही. पाणी इतकं नितळ की खोलीचा अंदाजच यायचा नाही. गुडघाभर असेल म्हणून पाय टाकावा आणि हनुवटीपर्यंत आत जावं. तळाचे गोटे, त्यांच्यावरचं हिरवं शेवाळ, प्रवाहाकडे तोंड करून एकाच जागी शेपट्या हलवत थांबलेले बारके मासे, सगळं काचेच्या कपाटात मांडून ठेवल्यासारखं दिसायचं. आणि गार तर असं, की पहिल्यांदा बसताना तोंडातून आवाज निघाला नाही असा माणूस मी पाहिलेला नाही.

मामा ट्रकच्या जुन्या ट्यूबा वर्षभर आमच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा. आम्ही पोहोचलो की त्यांना ठिगळं लावायची, हवा भरायची आणि दुकानातल्या हौदात एकेक ट्यूब दाबून बुडबुडे येतात का ते बघायचं. बुडबुडा दिसला की टिल्ल्या, माझा धाकटा भाऊ, चोर सापडल्यासारखा ओरडायचा. मग मामा आम्हाला ट्यूबांसकट पिकअपच्या मागे घालून झऱ्यापाशी सोडून यायचा आणि आम्ही ट्यूबेत बूड टाकून, हातपाय बाहेर सोडून, वाहत वाहत खाली यायचो. पुलाजवळ उतरायचं. तिथं मामा परत गाडी घेऊन उभा. ट्यूब उन्हात पडली असेल तर आधी तिच्यावर पाणी मारायचं, नाहीतर मांड्या भाजतात, आणि हवेची नळी खालच्या बाजूला वळवून तिला चिंधी गुंडाळायची, नाहीतर पाठीवर ओरखडे उठतात, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी येत होतं.

या सगळ्या फौजेची सेनापती ताई. ताई म्हणजे मामाची मुलगी, आमच्याहून मोठी, आणि नदी तिच्या नावावर लिहून दिलेली असावी अशा थाटात वागणारी. कुठल्या वळणावर कुठल्या काठाला राहायचं हे ती सांगणार आणि आम्ही ऐकणार.

आई मात्र नदीवर कधी यायची नाही. ती याच नदीवर वाढलेली, लहानपणी म्हणे ती पुलावरून उड्या टाकायची, पण आम्हाला ते ऐकून खरं वाटायचं नाही. वर्षभर ती औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी असायची आणि घर एकटीनं ओढायची. माहेरी आली की ती मामीशेजारी पाय पसरून बसायची आणि दिवसचे दिवस तिथून हलायची नाही. आम्ही बोलवलं की म्हणायची, मला नुसतं बसू दे.

एकटीनं, कारण बाबा घरी नसायचे. ते मालवाहू जहाजावर होते, खाली इंजिनात. वर्षातून एकदा यायचे, तेही आमची शाळा चालू असताना, आणि पाहुण्यासारखे राहून जायचे. ते आले की आम्ही जरा सावरून बसायचो. ते मोठ्यानं बोलायचे, कारण इंजिनाच्या आवाजानं त्यांचे कान गेले होते. कप टेबलाच्या कडेला ठेवलेला त्यांना चालायचा नाही. बोलता बोलता ते तो मधे सरकवायचे. चालायचे पाय फाकवून, जणू आमच्या घराची फरशीही कधी कलेल याचा नेम नाही. मग एक दिवस बॅग भरून जायचे, आणि आई दोन दिवस गप्प राहून पुन्हा नेहमीसारखी व्हायची.

मी सांगते आहे त्या वर्षी त्यांचं जहाज दुरुस्तीला लागलं आणि त्यांना रजा मिळाली ती नेमकी उन्हाळ्यात. ते आमच्याबरोबर मामाकडे आले. टिल्ल्याला तर आकाश ठेंगणं झालं. बाबा जहाजावरून समुद्रात सूर मारतात, देवमाशांच्या बाजूनं पोहतात, असं त्यानं ताईला आदल्या सुट्टीतच ऐकवून ठेवलं होतं. ताई काही असल्या थापांवर विश्वास ठेवणारी नव्हती, पण समुद्रावरचा माणूस म्हटल्यावर तीही जरा दबून होती. नदीच्या मधल्या डोहात बाबा कसा सूर मारतात ते बघायचं असं तिनं ठरवून टाकलं.

पहिल्या दिवशी बाबा म्हणाले, आज प्रवासाचा शीण आहे. दुसऱ्या दिवशी मामाचा हवा भरायचा कंप्रेसर धापा टाकत होता, तो त्यांनी उघडून बसवला. तिसऱ्या दिवशी पाण्याची मोटर. मग मामीच्या स्वयंपाकघरातला गळका नळ, मग पिकअपचा हँडब्रेक, मग दुकानाचं शटर, जे कुरकुरायचं इतकंच. मामा खूश होता. असा जावई घरोघरी असावा म्हणायचा. आम्ही रोज संध्याकाळी ओल्या कपड्यांनी परत यायचो तेव्हा बाबा कोपरापर्यंत ग्रीसनं माखलेले असायचे आणि आमच्याकडे बघून हसायचे. ताई माझ्याकडे बघायची. मी दुसरीकडे बघायचे.

शेवटी दुरुस्त करायला काही उरलं नाही. त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसलो होतो आणि टिल्ल्यानं विचारलं, बाबा, उद्या येणार ना? मामा हसून म्हणाला, अरे, समुद्र पाहिलेल्या माणसाला या ओढ्याचं काय कौतुक? बाबांनी घास खाली ठेवला. त्यांच्या त्या मोठ्या आवाजात, पण नेहमीपेक्षा हळू, ते म्हणाले, "मला पोहता येत नाही."

मामाला वाटलं थट्टा आहे. तो खो खो हसला. बाबाही थोडे हसले आणि म्हणाले, त्यात नवल काय, विमानातल्या लोकांना कुठं उडता येतं? मी खाली इंजिनात असतो, समुद्र मला दिसतसुद्धा नाही, नुसता उकाडा आणि आवाज. मामा अजूनच हसला. मग मामीनं त्याच्या हाताला हात लावला, आणि त्यानं आईकडे पाहिलं.

आईच्या तोंडावरचा रंग उडाला होता. जहाजावर नोकरीला घेताना कुणी विचारलं नाही का, असं तिनं विचारलं. विचारलं, बाबा म्हणाले, मी हो म्हणालो. पाण्यात उतरवून कुणी बघितलं नाही. आणि मला? आई म्हणाली. मला का नाही सांगितलं?

बाबा जरा वेळ बोटानं ताटाची कड पुसत राहिले. मग म्हणाले, "तू पहिल्याच भेटीत म्हणाली होतीस, ज्याला पोहता येत नाही त्या माणसाचा काय भरवसा. मग कुठल्या तोंडानं सांगणार?"

मामी पदर तोंडाला लावून हसू दाबायला गेली, पण आई उभी राहिली होती.

"इतकी वर्षं मला रात्री झोप लागते," ती म्हणाली, "ती तुम्हाला पोहता येतं म्हणून."

ती हात धुऊन मागच्या दारानं बाहेर गेली. नदीचा आवाज आत येत होता. टिल्ल्या रडकुंडीला आला होता. देवमासे वगैरे सगळंच त्याच्या डोळ्यांसमोर बुडत होतं. बाबा उठून तिच्यामागे गेले. ते काय बोलले ते मला माहीत नाही. पण मागची पायरी बराच वेळ रिकामी झाली नाही, आणि मामीनं आम्हाला त्या बाजूला फिरकू दिलं नाही.

सकाळी आई मामाचा जुना शर्ट आणि पायजमा घालून, केसांची घट्ट गाठ मारून दुकानात आली. आम्ही तिला अशी कधी पाहिली नव्हती. तिनं स्वतः ट्यूबा निवडल्या. बाबांसाठी सगळ्यात मोठी घेतली, ती हौदात दाबून पाहिली, ठिगळावरून अंगठा फिरवला आणि मामाला म्हणाली, दादा, यात अजून थोडी हवा मार. मामा निमूटपणे हवा मारत होता. बाबा बाजूला उभे होते, बोहल्यावर चढवायला आणलेल्या मुलासारखे.

झऱ्यापाशी पाणी खडकातून फुगून वर येत होतं. आईनं बाबांची ट्यूब धरली आणि ते बसले. गार पाणी लागल्यावर त्यांच्या तोंडून असा काही आवाज निघाला की टिल्ल्याला आदल्या रात्रीनंतर पहिल्यांदा हसू फुटलं. आईनं आपली ट्यूब दोरीनं त्यांच्या ट्यूबेला बांधली. ताईनं तोंड उघडलं होतं, डाव्या काठानं चला म्हणायला. तेवढ्यात आई उजव्या काठाला लागलीसुद्धा. ताईनं तोंड मिटलं. नदीची मूळ मालकीण परत आली होती.

सुरुवातीला बाबा ट्यूबेला दोन्ही हातांनी कवटाळून बसले होते. बोटांची पेरं पांढरी झाली होती. मग हळूहळू, झाडांची सावली अंगावरून सरकायला लागली तसा, त्यांनी एक हात सोडला. पाणी आम्हाला फिरवत होतं, कधी तोंड पुढे, कधी पाठ पुढे. खाली तळावर आमच्या ट्यूबांच्या गोल सावल्या आमच्या बरोबरीनं चालल्या होत्या आणि मासे त्या सावल्यांना वाट देत होते. बाबा वाकून ते बघत होते. मला म्हणाले, इतकी वर्षं पाण्यावर काढली, पण पाण्याच्या आतलं काही कधी पाहिलं नव्हतं.

आई बोलत होती. एरवी दमलेली, मोजकं बोलणारी आमची आई, ती आम्हाला सांगत होती की या खडकावर आजोबा तिला पकडायला यायचे आणि ती पलीकडच्या काठाला निघून जायची. या झाडाची फांदी मामानं मोडली आणि नाव तिच्यावर आलं. इथं तिची चप्पल वाहून गेली होती. प्रत्येक वळणावर तिचं काही ना काही पडलेलं होतं. बाबा ऐकत होते. मला वाटतं, त्यांनीही यातलं बरंचसं पहिल्यांदाच ऐकलं.

मधल्या डोहाच्या आधी नदी अरुंद होते. तिथं दोन खडकांमधून पाणी जोरात घुसतं आणि एक आडवं झाड प्रवाहावर ओणवं झालेलं होतं. आम्ही पोरं नेहमीसारखी डोकी खाली घालून त्याखालून निघालो आणि पलीकडे डोहात फिरत थांबलो. आईनं बाबांना सांगितलं, वाका. त्यांना ते ऐकू गेलं नाही. पाण्याचा तिथला आवाज आणि त्यांचे कान. त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं, काय म्हणून विचारायला, आणि फांदी त्यांच्या कपाळाला घासून छातीला लागली. ट्यूब खालून निसटून पुढे आली. बाबा नव्हते.

पाणी नितळ होतं म्हणून मला सगळं दिसलं. प्रवाहानं त्यांना सरळ आमच्या ट्यूबांखाली, डोहात आणलं. ते खाली होते, उताणे, हात पसरलेले, डोळे उघडे. धडपडत नव्हते. वर आमच्याकडे बघत होते. आज तो क्षण मला फार लांबलेला वाटतो, पण तेवढ्यात आईनं दोरी सोडून सूर मारलासुद्धा होता. तिचा पांढरा शर्ट पाण्यात फुगला, तिनं त्यांच्या बगलेत हात घातला आणि तळाला पाय मारून दोघं वर आली. ताई पोहत जाऊन तिच्या मदतीला पोहोचली. दोघींनी त्यांना उथळ कडेला ओढलं.

बाबा गोट्यांवर हातापायांवर ओणवे होऊन खोकत राहिले. आई त्यांच्या पाठीवर थापट्या मारत होती. आधी हळू, मग जरा जोरातच. एवढ्यात कुणी काही बोललं असतं तर ती रडली असती असं मला वाटतं. ताई वाहून गेलेली ट्यूब आणायला गेली.

मामाला बोलावू का, काठानं चालत जाऊ, असं मी विचारलं. बाबांनी नकारार्थी मान हलवली. श्वास परत आल्यावर ते तसेच पाण्यात बसून राहिले, कमरेएवढ्या, आणि आईला म्हणाले, "आता शिकव."

मग त्या उथळ कडेला आईनं त्यांना पाण्यावर पडून राहायला शिकवलं. पाठीखाली तिचा एक हात, मानेखाली एक. ती सांगत होती, अंग सोडा, पाणी धरायचं नसतं, ते आपल्याला धरतं. पहिल्यांदा ते लाकडासारखे ताठ होऊन बुडाले. पुन्हा. पुन्हा. आम्ही डोहाच्या कडेला ओळीनं बसून ट्यूबेला बांधून आणलेलं, पाण्यात गार झालेलं कलिंगड खात होतो आणि बघत होतो. कधीतरी आईनं हात काढून घेतला आणि त्यांना कळलं नाही. कान पाण्याखाली, पोट वर, डोळे आभाळाकडे, असे ते तरंगत राहिले. टिल्ल्यानं टाळी वाजवायला हात उचलले, ताईनं ते धरले.

पुलाजवळ मामा काळजीनं येरझाऱ्या घालत होता. उशीर का झाला म्हणाला. आई म्हणाली, तुझ्या भाऊजींना डोह दाखवत होते. एवढंच. मामानं बाबांच्या कपाळावरच्या खोकेकडे पाहिलं आणि ट्यूबा गाडीत टाकायला लागला.

रजा संपेपर्यंत बाबा रोज नदीवर आले. सुराचं राहूच दे, सरळ चार हात मारणंही त्यांना पुढे कधी धड जमलं नाही, पण तरंगायला लागले ते असे, की आई म्हणायची, आता यांना बुडवायचं म्हटलं तरी कठीण. जाताना त्यांनी नेहमीसारखी बॅग भरली. आई मात्र या वेळी दारात थांबली नाही, बसमध्ये चढून पुढच्या गावापर्यंत गेली आणि उलट्या बसनं परत आली.

त्यानंतर एकच फेरी करून बाबांनी जहाज सोडलं आणि बंदरातल्या दुरुस्तीच्या कारखान्यात लागले. पगार कमी झाला, आईला दुकानात जादा वेळ थांबावं लागलं. लोकांना वाटायचं ते पाण्याला भ्याले. आम्हालाही तसंच वाटायचं. मी मोठी झाले, मला स्वतःला मूल झालं, तेव्हा एकदा त्याला अंघोळ घालताना बाबा शेजारी बसले होते. त्याच्या पावलांकडे बघत ते सहज म्हणाले, "त्या दिवशी मी खाली होतो ना, तेव्हा वर तुमचे सगळ्यांचे पाय लोंबकळताना दिसत होते. तुझे कुठले आणि टिल्ल्याचे कुठले, मला ओळखता येईनात."

मी मुलाला पाण्यातून उचललं. त्यांनी टॉवेल पुढे केला.

कायम घरी राहणारे बाबा ही काही सोपी गोष्ट नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. न बिघडलेल्या वस्तू ते उघडून बसायचे. रेडिओ, शिवणाचं मशीन, आईचं घड्याळ. पहाटे जहाजावरची पाळी बदलायच्या वेळेला उठून भांडी वाजवायचे. आईशी त्यांची भांडणं व्हायची आणि शेजारच्यांना ती घरबसल्या ऐकू जायची, कारण बाबांना हळू बोलता येत नव्हतं. पण पुढच्या उन्हाळ्यापासून नदीवर आम्ही सगळे असायचो. मामासुद्धा एकदा दुकान मामीवर टाकून आला. मग मामीनं दुसऱ्या दिवशी दुकान मामावर टाकलं.

त्यातल्याच एका दुपारचं मला आठवतं. बाबा ट्यूबेत आडवे, टोपी तोंडावर, घोरत होते. टिल्ल्याचा आवाज तेव्हा फुटायला लागला होता आणि तो उगीच खर्जात काहीतरी गुणगुणत होता. ताईनं पाय माझ्या ट्यूबेवर टाकले होते. ऊन पाण्यातून तळापर्यंत उतरून गोट्यांवर हलत होतं. पूल आला. वरून मामा हाका मारत होता, इकडे, इकडे, काठाला लागा. मी वल्ह्यासारखे हात मारायला लागले. आई समोरच्या ट्यूबेत होती. तिनं पुलाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि मला हातानंच खुणावलं, राहू दे.

आम्ही पुलाखालून निघून गेलो. थोडा वेळ मामाचा आवाज मागे येत राहिला, मग तोही आला नाही. पुढची नदी आमच्यापैकी कुणी पाहिलेली नव्हती, आईनंसुद्धा. ती रुंद होती, संथ होती, आणि दोन्ही काठांना उंच गवत होतं. बाबांना जाग आली तेव्हा त्यांनी विचारलं, आलो का आपण? आई म्हणाली, नाही अजून, झोपा तुम्ही.

परत येताना अनवाणी, डोक्यावर ट्यूबा घेऊन, ट्रक जाताना कडेला होत, आम्ही रस्त्यानं चालत आलो. पायांना चटके बसत होते आणि सगळ्यांत पुढे आई चालली होती.